फायरप्लेस पेटवली की पाय गार, फटी बुजवल्या की डोकं जड. करायचं काय?

हॅलिफॅक्सची सून
शुक्रवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण रामायण मोठं आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये हॅलिफॅक्सला राहतो. घर १८९०च्या आसपासचं, दगडी, रांगेतलं, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्या. खाली तळघर. पुढच्या खोलीत उघडी फायरप्लेस, तोंड १६ इंच रुंद, आत बिडाची जाळी. खरं सांगायचं तर घर घेतलं तेच तिच्यावर भाळून. आम्ही बघायला आलो त्या दिवशी मालकाने ती पेटवून ठेवली होती, आणि मी बाथरूम बघायलाच विसरले.

पहिल्या हिवाळ्यात भ्रम उतरला. समोर बसलं की तोंड भाजतं, पाठ गार ती गारच, आणि घोट्यांवरून असा बर्फासारखा वारा वाहतो की पायात दोन-दोन मोजे. विस्तव वाढवावा तर वाराही वाढतो. म्हणून यंदा ऑक्टोबरमध्ये नवऱ्याने कंबर कसली. जुन्या सरकत्या खिडक्यांना ब्रशच्या पट्ट्या, लाकडी जमिनीच्या सगळ्या फटींत भरण, पत्रपेटीच्या तोंडाला ब्रश, किल्लीच्या भोकाला झाकण, दाराखाली तो भुसा भरलेला कापडी साप. उरलं ते फक्त सोफ्यामागच्या भिंतीतलं हवेचं भोक, नऊ बाय सहा इंचांची प्लास्टिकची जाळी, आधीच्या मालकाने बसवलेली. खोली खरंच ऊबदार झाली. गॅसचं बिलही उतरलं. नवरा महिनाभर छाती फुगवून फिरत होता.

जानेवारीत वाईहून सासूबाई आल्या. वय ७२. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठल्या आणि दाराशी तो साप बघून अशा किंचाळल्या की शेजारचे म्हातारे आजोबा विचारायला आले. असो. सासूबाईंनी बॅगेत चार जुनी लुगडी आणली होती, नातवाला गोधडी शिवायला. रोज संध्याकाळी फायरप्लेसजवळच्या सोफ्यावर बसून टाके घालायच्या. त्या भोकातून येणारा वारा नेमका त्यांच्या मानेवर. मला एकदा म्हणाल्याही, "भिंतीला भोक कशाला ठेवलंय गं? पैसे संपले का बांधताना?" मी हसले आणि विसरले.

त्या विसरल्या नाहीत. एक लुगडं घडी करून त्यांनी त्या जाळीत कोंबलं. सोफ्यामागे, त्यामुळे आम्हाला पत्ता नाही.

पुढचे तीन-चार दिवस संध्याकाळी सगळ्यांचं डोकं दुखायचं. सासूबाईंचं जास्त. मुलाला (वय ८) मळमळ. आम्हाला वाटलं शाळेतून काहीतरी घेऊन आलाय. एकदा मी ठेचा भाजताना स्वयंपाकघरातला धूर ओढणारा हूड फुल्ल सोडला, तर फायरप्लेसमधून धुराचा एक भपकारा थेट खोलीत. तेही "आज वारा उलटा असेल" म्हणून सोडून दिलं. रविवारी दुपारभर शिबडेन पार्कात होतो, तिथे सगळे ठणठणीत. घरी येऊन पेटवली, तासाभरात परत तेच. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर होता, सगळ्यांच्या बोटाला लावला. ९८, ९८, ९७, ९८. हुश्श म्हटलं.

मग नवऱ्याला पॅसेजमधला कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आठवला. काढून पाहिला तर मागे लिहिलेलं, २०१९पूर्वी बदला. दुसऱ्या दिवशी आकडा दाखवणारा नवा आणला, त्याच खोलीत लावला. रात्री नऊला आकडा ३८. वाजत मात्र नव्हता! खिडक्या उघडल्या, सगळे कोट घालून फुटपाथवर. निखारे पत्र्याच्या बादलीत काढून मागच्या अंगणात नेले. परत आत आल्यावर सोफा ओढला आणि लुगडं सापडलं.

सकाळी १११ला (इथली सरकारी आरोग्य हेल्पलाइन) फोन केला, तपासण्या झाल्या, सगळे ठीक आहोत. पण प्रश्न तिथेच आहे. लुगडं काढलंय, सासूबाईंची मान पुन्हा गार, आणि त्या मार्चअखेरपर्यंत इथेच आहेत. नवऱ्याला तिथे उघडझाप करणारी सरकती जाळी हवीय, म्हणजे पेटवताना उघडायची, एरवी बंद. मला वाटतं तळघरातूनच एक भोक पाडून फायरप्लेसजवळ हवा आणावी. कोण बरोबर? भोक नक्की किती मोठं लागतं? आणि तो ऑक्सिमीटर खोटं बोलला का?

---

शॉर्टकट
शुक्रवार, रात्री ११:४१

फायरप्लेसमधली जाळी काढा, तिथे इलेक्ट्रिक हीटर ठेवा, टीव्हीवर लाकडं जळतानाचा व्हिडिओ लावा. सासूबाई खूश, सून खूश.

---

हॅलिफॅक्सची सून
शुक्रवार, रात्री ११:४४

@शॉर्टकट, हीटरचं वीजबिल तुमच्या पत्त्यावर पाठवते.

---

नाडीपरीक्षा
शनिवार, सकाळी ८:०५

नाशिकहून, ३१ वर्षं डॉक्टरकी. आधी रागावतो, मग सांगतो. तुम्ही १११ला सकाळी फोन केलात. तो त्याच रात्री, फुटपाथवरूनच करायला हवा होता. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, म्हणजे सकाळच्या तपासणीत त्याचा माग फारसा उरत नाही. तुमचं नशीब चांगलं.

आता ऑक्सिमीटर. तो खोटं बोलला नाही, त्याला ओळखताच आलं नाही. ते यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, लाल आणि अवरक्त, आणि रक्त किती लाल आहे यावरून आकडा काढतं. कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि असं रक्तही लालभडकच असतं. यंत्राला वाटतं प्राणवायू भरलाय. माणूस बेशुद्ध पडायला आला तरी ते ९८ दाखवू शकतं. खरं मोजमाप रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून होतं. कोविडनंतर घरोघरी ही डबी आहे आणि घरोघरी हा गैरसमज आहे.

तुमच्या गोष्टीत निदान आधीच झालेलं होतं, कुणी ऐकलं नाही एवढंच. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, ताप कुणालाच नाही, बाहेर गेलं की बरं, घरी आलं की परत. सासूबाईंना जास्त, कारण वय आणि जागा, त्या विस्तवाच्या सर्वांत जवळ, रोज संध्याकाळी. मूल लहान, श्वास भरभर, म्हणून त्याला मळमळ. घरात कुणी गरोदर असेल तर तो विस्तव त्या क्षणी बंद, चर्चा नको.

इकडे आमच्याकडे फायरप्लेस नाहीत, पण गॅस गीझर आहेत. चार बाय पाच फुटांची न्हाणी, डिसेंबरची थंडी, आणि वारा येतो म्हणून झरोक्यात कोंबलेली प्लास्टिकची पिशवी. तुमच्या लुगड्याचीच सख्खी बहीण. तिथे मात्र शिबडेन पार्कात जायला वेळ मिळत नाही, दहा-पंधरा मिनिटांत खेळ आटोपतो.

---

विटेवरचा
शनिवार, सकाळी ११:३०

लीड्समध्ये जुन्या घरांची पाहणी करणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

ताई, तुमच्या नवऱ्याने काम चांगलं केलं, पण ते भोकाच्या भरवशावर केलं. आणि ते भोक मुळातच पुरेसं नव्हतं. शंभर वर्षं हे घर फटींवर श्वास घेत होतं. खिडक्या, जमिनीच्या फळ्या, दारं, सगळीकडून थोडं थोडं. त्या फटी बुजवल्यावर सगळा भार त्या एका जाळीवर आला, आणि मग तिच्यातही लुगडं.

उघड्या फायरप्लेसची भूक समजून घ्या. उष्णतेचा साधारण पाव हिस्सा खोलीत येतो, बाकीचा धुराड्यातून वर. वर जाताना तो खोलीतली ऊबदार हवा सोबत नेतो. तितकीच गार हवा बाहेरून आत यायलाच लागते. घोट्यांवरचा वारा म्हणजे विस्तवाचं जेवण. ते बंद केलंत तर विस्तव उपाशी राहणार नाही, दुसरीकडून मिळवणार. धुराड्यातूनच उलटी हवा ओढणार, आणि तीच हवा धूर घेऊन खोलीत उतरणार. ठेच्याच्या दिवशी तेच झालं. स्वयंपाकघरातल्या हूडसाठी इथे किमान सेकंदाला ३० लिटरचा नियम आहे, प्रत्यक्षात बरेच हूड त्याहून कितीतरी जास्त ओढतात. हूड आणि धुराडं एकाच घरात हवेसाठी रस्सीखेच करत होते. पंखा जिंकला.

किती मोठं भोक? इंग्लंडच्या बांधकाम नियमांत 'जे' नावाचा भाग आहे, त्यात तक्ता आहे. वर निमुळता गळा असलेल्या उघड्या फायरप्लेसला त्या गळ्याच्या क्षेत्रफळाच्या निम्मं, कायम उघडं भोक. तुमच्या १६ इंची, म्हणजे ४०० मिलिमीटर तोंडाला तक्त्यात १६,५०० चौरस मिलिमीटर दिलेत. आपल्या पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं. गळाच नसेल, वर नुसती छत्री असेल, तर धुराड्याच्या आडव्या छेदाच्या निम्मं, म्हणजे आणखी मोठं. आता तुमच्या जाळीवर छापलेला आकडा बघा. नऊ बाय सहा इंच हे बाहेरचं माप झालं, पट्ट्यांमधून प्रत्यक्ष वाट किती तो आकडा वेगळा असतो. मला वाटतं निम्म्याहून कमी निघेल.

सरकती जाळी: नाही. नियमातही चालत नाही, आणि अनुभवातही. बंद करता येणारी गोष्ट माणूस कधीतरी बंद करतोच, आणि उघडायला विसरतो. बारीक किड्यांची जाळीही लावू नका, ५ मिलिमीटरपेक्षा लहान डोळे असले की धूळ-कोळिष्टकाने दोन वर्षांत भोक बुजतं.

तळघराची कल्पना अर्धी बरोबर. हवा फायरप्लेसच्या पायाशीच आणायची, म्हणजे ती थेट विस्तवात जाते, माणसांच्या पायांवरून प्रवास करत नाही. १९३०च्या दशकापासून जमिनीखालून हवा घेणाऱ्या फायरप्लेस इथे विकल्या जात, उगाच नाही. पण तळघरात नुसतं भोक पाडू नका. तळघराला स्वतःची हवा किती येते ते माहीत नाही, शिवाय ओल, बुरशी, तिथे ठेवलेले रंगाचे डबे, सगळ्यांचा वास वर येणार. काही भागांत जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो, तोही असाच ओढला जातो. पुढच्या भिंतीच्या बाहेरून पत्र्याचा पाइप तळघराच्या छताखालून आणा आणि फायरप्लेससमोरच्या दगडी ओट्याच्या बाजूला, लाकडी जमिनीत, लोखंडी जाळीने वर काढा. ठिणगी पडली तरी पाइप पत्र्याचा, जाळी लोखंडाची. काम हेटासची (शेगड्या-धुराड्यांची कामं करणाऱ्यांची नोंद ठेवणारी इथली संस्था) नोंदणी असलेल्या माणसाकडून. नव्या भोकांनी एकट्यांनी १६,५०० भरले आणि त्याने चाचणी करून होकार दिला, तर सोफ्यामागचं भोक कायमचं बुजवता येईल. तोवर त्याला हात लावू नका.

आणि बाहेरच्या भिंतीत अगदी खाली ज्या छिद्रांच्या विटा असतात, त्या कधीही बुजवू नका. नवरा उत्साही दिसतोय म्हणून सांगतो. त्या तुमच्या जमिनीखालच्या लाकडासाठी आहेत. बुजवल्यात की वाशे कुजतात.

चाचणी घरीही करता येते, आणि त्यासाठी उदबत्ती आपल्याकडे असतेच. अलार्म चालू ठेवून फायरप्लेस अर्धा तास पेटू द्या, दारं-खिडक्या बंद, हूड फुल्ल. पेटती उदबत्ती फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर लोंबकळला किंवा तुमच्याकडे आला तर खिडकी बोटभर उघडून परत धरा. खिडकी उघडल्यावर सुधारला तर खोली हवेसाठी उपाशी आहे. तरीही सुधारला नाही तर दोष धुराड्यात. दोन्ही वेळा विस्तव काढायचा आणि माणूस बोलवायचा.

धुराडं शेवटचं कधी साफ केलंय?

---

हॅलिफॅक्सची सून
शनिवार, दुपारी १२:१०

जाळीच्या आतल्या कडेला छापलंय: ६,५००. म्हणजे निम्म्याहूनही बरंच कमी. नवऱ्याला दाखवलं. छाती खाली आली.

धुराडं... घर घेताना. तीन वर्षं झाली. आमची गल्ली धूरबंदीच्या क्षेत्रात येते म्हणून आम्ही फक्त बिनधुराचा कोळसा जाळतो. धूरच नाही तर काजळी कसली, असा माझा हिशोब होता.

---

विटेवरचा
शनिवार, दुपारी १२:३२

हा हिशोब फार जणांचा असतो. बिनधुराच्या कोळशाची सक्ती ही लंडनच्या १९५२च्या विषारी, धुरकट धुक्यानंतर आलेल्या १९५६च्या कायद्याची देणगी. डोळ्यांना दिसणारा धूर कमी, त्यासाठी ती चांगलीच आहे. पण कार्बन मोनॉक्साईड दिसतच नाही, आणि तो त्या कोळशातून भरपूर निघतो. उलट धूर दिसत नाही म्हणून तो खोलीत पसरतोय हे कळतही नाही. वर्षातून किमान एकदा साफसफाई त्या कोळशालाही हवी. लाकूड जाळणाऱ्यांना हंगामात तीन-चारदासुद्धा.

अलार्म का वाजला नाही, हेही सांगतो. युरोपीय मानकाप्रमाणे ३० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३० भाग) तो दोन तासांच्या आत वाजायचाच नाही, ५०ला तासाभराने ते दीड तासात वाजायला हवा, १००ला १० ते ४० मिनिटांत, ३००ला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तुमच्या ३८ला शांत बसणं ही त्याची चूक नव्हती. आकडा दिसणारा घेतलात ते बरं केलंत. तो फायरप्लेसपासून एक ते तीन मीटरवर हवा. भिंतीवर लावलात तर दार-खिडक्यांच्या चौकटीपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. पॅसेजमध्ये लावलेला अलार्म म्हणजे शेजारच्या गावाला दिलेलं आमंत्रण.

---

हिरडसमावळ
शनिवार, संध्याकाळी ७:५०

भोरकडचा मी. इंग्लंड कधी पाहिलं नाही, पण हा धागा वाचून आमचंच स्वयंपाकघर आठवलं.

आमचं जुनं घर कौलारू. चुलीला धुराडं बिराडं काही नव्हतं. धूर कौलांच्या सांदीतून निघून जायचा, वासे काळे कुळकुळीत, आईचे डोळे कायम लाल. पण कोणी गुदमरलं नाही, कारण छप्परच चाळणीसारखं. मग आम्ही पोरं कमवायला लागलो आणि आईला स्लॅबचं घर बांधून दिलं. गॅस दिला, पण भाकरी चुलीवरचीच पाहिजे हा तिचा हट्ट. स्लॅबच्या खोलीत चूल मांडली. पहिल्या आठवड्यात धूर छतापासून खाली कंबरेपर्यंत उतरला. आई म्हणाली, हे घर आहे की वीटभट्टी.

मग पाइप टाकला. तोही कठड्यापेक्षा खाली राहिला. वारा सुटला की कठड्यावर आपटून धूर परत आत. पाइप तीन फूट वाढवला, तर धूर वर जायला लागला, पण दार लावलं की परत अडायचा. गवंडी जुना माणूस, तो म्हणाला, वरून काढायचं तर खालून द्या. चुलीशेजारी भिंतीत, जमिनीलगत, अर्ध्या विटेचं भोक पाडलं. त्या दिवसापासून धूर सुतासारखा सरळ.

आणि आता ऐका. पौषात गेलो तर त्या भोकात गोणपाट! आई म्हणते, पायाला वारा लागतो. ताई, लुगडं असो का गोणपाट, आया सगळीकडच्या सारख्याच.

आम्ही काय केलं: भोकाच्या बाहेरच्या बाजूला एक कोन केला, म्हणजे वारा थेट घुसत नाही, वळून येतो. आणि आईची बसायची जागा बदलली. चूल आणि भोक यांच्या मधल्या रेषेत बसायचं नाही, दुसऱ्या अंगाला बसायचं. गोणपाट गेलं.

---

विटेवरचा
शनिवार, रात्री ९:१५

@हिरडसमावळ, तुमच्या गवंड्याने 'जे' भागाची सगळी पानं एका वाक्यात सांगितली. माझी फी परत घ्यावी लागणार.

बसायच्या जागेबद्दल म्हणालात ते फार मोलाचं. इथल्या जुन्या आरामखुर्च्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असतात ते शोभेसाठी नाहीत. पाठीमागून येणारा वारा अडवायचा आणि समोरची ऊब धरून ठेवायची. ताई, सासूबाईंना सोफ्यावरून उठवून अशा खुर्चीत बसवा. सेकंड हँड दुकानांत स्वस्त मिळतात.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. एक, फायरप्लेस बंद असते तेव्हाही धुराडं खोलीची ऊब ओढत असतं, चोवीस तास. त्यासाठी लोकरीची जाड चकती किंवा फुगा मिळतो, धुराड्याच्या गळ्यात बसवायचा. त्याला लाल दोरी बांधून दोरी फायरप्लेससमोर लोंबती ठेवा, म्हणजे काढल्याशिवाय कुणी पेटवणार नाही. तुमचं बिल खरं इथे वाचेल. दोन, रात्री. झोपायच्या आधी निखारे राखेखाली झाकून ठेवायची आपल्याकडे सवय असते, सकाळी विस्तव मिळावा म्हणून. इथे ते करू नका. ज्वाळा नसतात, धुराडं थंड होत जातं, ओढ कमी होते, आणि नेमके निखारेच हा वायू सर्वांत जास्त देतात. राखेची बादली झाकणाची, लोखंडी, आणि घराबाहेर. तुम्ही त्या रात्री ती अंगणात नेलीत ते बरोबर, मात्र आधी माणसं बाहेर आणि मग बादली, हा क्रम सोडू नका. खरं तर बादलीसाठी परत आत जायलाच नको होतं.

---

शॉर्टकट
शनिवार, रात्री ९:४०

बंद काचेचा स्टोव्ह का नाही बसवत? हे आता गंभीरपणे विचारतोय.

---

विटेवरचा
शनिवार, रात्री ९:५८

योग्य प्रश्न. २०२२पासून विक्रीला येणाऱ्या बंद तोंडाच्या स्टोव्हची कार्यक्षमता किमान ६५ टक्के असावी लागते, आणि त्यांना हवा फारच कमी लागते. जुन्या, गळक्या (म्हणजे फटींतून हवा येणाऱ्या) घरात पाच किलोवॉटपर्यंतच्या स्टोव्हला वेगळं भोकही लागत नाही, त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर. पण ताईंचं घर आता गळकं राहिलेलं नाही, नवऱ्याने तेवढं काम केलंय. हवाबंद घर ठरलं तर पहिल्या किलोवॉटपासून ५५० मोजायचे. तरी १६,५००च्या मानाने चिल्लर. पैसे असतील तर मी स्टोव्हच सांगेन. पण घर फायरप्लेसवर भाळून घेतलंय म्हणाल्या, म्हणून बोललो नाही.

---

हॅलिफॅक्सची सून
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे आभार. हा घ्या अहवाल.

आधी धुराडेवाला आला. काळ्या ब्रशच्या काठ्या एकात एक अडकवत वर घालत गेला, आणि मध्येच अडला. खाली काय पडलं? बादलीभर काड्या, चिखल, लोकरीचे पुंजके, एक चॉकलेटचा कागद. जॅकडॉचं घरटं, म्हणजे कावळ्याच्या धाकट्या भावाचं. धुराड्याचा अर्ध्याहून जास्त गळा त्याने धरला होता. म्हणजे लुगडं एकटं दोषी नव्हतंच. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की म्हणतात, "आधी धुराडं बघ, मग मला बोल." आता वर जाळीची टोपी बसवलीय.

मग हवेचं काम. पुढच्या भिंतीतून १२५ मिलिमीटरचे पत्र्याचे दोन पाइप, तळघराच्या छताखालून, ओट्याच्या दोन्ही अंगांना एकेक लोखंडी जाळी. जाळ्या आणि वळणं धरून दोन्ही मिळून १७,०००ची वाट मिळते असं त्याने लिहून दिलं. खर्च ६४० पाउंड. नवरा एक दिवस गप्प होता.

चाचणी त्याने त्याच्या धुराच्या कांडीने केली, मी उदबत्तीने. तो म्हणाला वास छान आहे. धूर दोन्ही वेळा सरळ आत. हूड फुल्ल, दारं बंद, तरीही. मग त्याच्या होकाराने सोफ्यामागचं भोक बाहेरून-आतून बुजवलं. अलार्म दारापेक्षा उंच लावलाय, रात्रभर शून्य. तीन आठवड्यांत एकदाच १२ दिसला, शेजाऱ्यांच्या अंगणात कोळशावर मांस भाजलं जात होतं आणि आमची खिडकी उघडी होती.

पाय? अजून एकदम गरम नाहीत, खोटं कशाला बोलू. पण वारा आता जाळीतून वर येतो आणि फायरप्लेसमध्ये शिरतो, खोली ओलांडत नाही. नेमकं ते जाणवतं. ओट्याजवळ हात नेला की गार, सोफ्याशी काही नाही. खिडक्यांच्या पट्ट्या आणि जमिनीचं भरण तसंच ठेवलंय. लोकरीची चकती आणलीय, लाल दोरीसकट. दोरीचा रंग बघून मुलाने तिचं नाव मारुती ठेवलंय.

पंखांची खुर्ची हॅलिफॅक्सच्याच एका धर्मादाय दुकानात मिळाली, १५ पाउंडांत. सासूबाईंनी ती एवढी बळकावलीय की नवऱ्याला बसायला उठवावं लागतं.

त्या शेजारी बसल्यात, म्हणतात मलाही लिहायचंय. सांगतात ते जसंच्या तसं टाइप करतेय:

"डॉक्टरसाहेब, रागावलात ते बरं केलंत, माझ्या मुलालाही रागवा. भोरच्या भाऊंना सांगा, तुमच्या आईला माझा नमस्कार आणि गोणपाट परत घालू नका म्हणावं, पायात जाड मोजे घाला, मी घालते. आमच्या वाईच्या माहेरी चुलीच्या मागं भिंतीत असंच एक वीतभर भोक होतं. मांजर त्यातनं यायचं म्हणून आम्ही त्याला मांजराचं दार म्हणायचो. ते चुलीसाठी होतं हे मला ७२ वर्षांत इथं येऊन कळलं. आणि सूनबाईंना सांगा, ते लुगडं तीनदा धुतलं तरी कोळशाचा वास जात नाही. गोधडीत ते मधल्या थरात घालणार आहे, वर नाही."